ताळ्याची वही

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना मी ऑनलाइन बीजगणित शिकवते. धड्यांचे व्हिडिओ मुलं आपापल्या वेळेने बघतात, चाचणी संगणक तपासतो, आणि माझी प्रत्येकाशी गाठ पडते ती आठवड्यातून एकदा, पाऊण तास, पडद्यावर. बाकीचे दिवस मला फक्त गुण दिसतात.

ही मुलगी पंधरा वर्षांची. पहिल्या आठ प्रकरणांत तिला कधी शंभरात नव्वदच्या खाली गुण नव्हते, त्यामुळे माझं लक्ष अडखळणाऱ्या मुलांकडेच जास्त असायचं. नववं प्रकरण वर्गसमीकरणांचं. त्यात पहिल्यांदाच खाली पर्याय नव्हते, उत्तर स्वतः लिहायचं होतं. तिला १० पैकी २ मिळाले. पुढच्या तासाला तिची आई शेजारी येऊन बसली. "मॅडम, इतके दिवस हिला सगळं येत होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

मी वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

पानामागून पान आकड्यांनी भरलेलं. वर ७क्ष − ५ = ३क्ष + १९, खाली चार पर्याय, आणि प्रत्येक पर्याय समीकरणात घालून केलेला गुणाकार. ६ घातल्यावर डावीकडे ३७, उजवीकडेही ३७, की तिथे बरोबरची खूण. आठ प्रकरणांत तिने एकही समीकरण सोडवलं नव्हतं. नुसता ताळा करत आली होती.

ही पळवाट आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आधी विचारलं, "असं का करतेस?"

"पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं असं सांगतात. का बदलतं ते कळत नाही. मग माझं चिन्ह चुकतं, आणि चुकलंय हेही कळत नाही. किंमत घालून बघितली की बरोबर आलं की नाही ते माझं मला कळतं."

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. भराभर पदं इकडची तिकडे नेणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत; क्ष = ६ आलं, म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं की ती म्हणतात, "उत्तर आलं." या मुलीला उकल म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. नव्हती ती फक्त तिथवर जायची वाट. आणि व्हिडिओला 'का' विचारता येत नाही.

चिन्हाचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. पलीकडे काहीच जात नाही, दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा होतात, म्हणून उजवीकडचे नाहीसे होतात आणि डावीकडे ४क्ष उरतात. तिने ते लिहिलं, ६ आले, आणि सवयीने ताळाही केला.

मग चुकलेलं एक गणित काढलं: क्ष² − ६क्ष + ७ = ०. सूत्र सांगून टाकणं सोपं होतं. मी म्हटलं, "तुझ्याच पद्धतीने कर. पर्याय नाहीत, तर ० पासून सुरुवात कर."

तिने ० ते ६ घालून बघितले. किमती आल्या ७, २, −१, −२, −१, २, ७. शून्य कुठेच नाही. "४ ला उणे आहे, ५ ला अधिक. म्हणजे मध्ये कुठेतरी असणार." कॅल्क्युलेटर घेऊन ती ४.४ वर आली, मग ४.४१, ४.४१४, ४.४१४२. दर वेळी शून्य थोडं जवळ येई, पण हाती लागत नसे. दुसऱ्या बाजूला १ आणि २ च्या मध्ये तिला १.५८५८ सापडलं. पंचवीस मिनिटं गेली. आई उठून गेल्या होत्या. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं.

"मॅडम, हे संपणारच नाही का?"

"दोन्ही उत्तरं शेजारी लिही बरं."

तिने लिहिली, बेरीज केली. बरोबर ६. मग ती आपणहूनच वरच्या किमतींकडे वळली. ७, २, −१, −२, −१, २, ७. "हे तर आरशासारखं आहे. मध्ये ३."

"मग ३ पासून मोजू या. क्ष च्या जागी ३ + य लिही."

कंस सोडवताना तिचा हात सावकाश चालला होता. ९ + ६य + य² − १८ − ६य + ७. अधिक सहा य, उणे सहा य, कटले. उरलं य² − २. म्हणजे य² = २. तिने कॅल्क्युलेटरवर २ चं वर्गमूळ काढलं, १.४१४२१३५ दिसलं, आणि ती आपल्या ४.४१४२ कडे बघत राहिली.

अशी मधली पदं कटवून नुसता वर्ग उरवायचा, ही पूर्ण वर्ग करण्याची पद्धत मी कितीदा शिकवली असेल, पण ती कुणाच्या आकडेमोडीतून अशी वर येताना पहिल्यांदाच पाहिली. निघताना तिला मी अल्-ख्वारिज्मी या जुन्या गणितज्ञाची आकृती दाखवली. नवव्या शतकात त्याने क्ष² + १०क्ष = ३९ हे अक्षरशः चौरस जोडून सोडवलं: क्ष बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीच्या पट्ट्या, आणि उरलेल्या कोपऱ्यात २५ चा छोटा चौरस. सगळं मिळून ३९ + २५ = ६४, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३. तिने ३ घालून बघितलं, मग थोड्या वेळाने −१३ घालून बघितलं. "हेही बसतंय, मग त्याने का नाही लिहिलं?" तो ऋण उकली धरत नसे, लांबीला उणे कशी म्हणणार, एवढं सांगेपर्यंत तासाची वेळ कधीच संपून गेली होती.

रात्री तिने वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. स्वतःच बनवलेलं समीकरण होतं, क्ष² − ६क्ष + १२ = ०. खाली १ ते ५ च्या किमती: ७, ४, ३, ४, ७. त्याखाली य² = −३, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, "ही खाली शून्यापर्यंत येतच नाही. मग आता?"