टीसीएल टाकलं, तरी जिआर्डिया होतो तो कसा?

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर पडली, ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणारी चाचणी) पिवळा रंग आला की गाव निर्धास्त होतं. कॉलरा-टायफॉइडच्या जिवाणूंपुरतं ते ठीकच आहे. पोट बिघडवणारा जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी मात्र पाण्यात जाड कवचाच्या सिस्टच्या रूपात असतो. नळाच्या पाण्यात उरणारा लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन अर्ध्या तासात त्याचं काही बिघडवत नाही. थंड पाण्यात सिस्ट आठवडेच्या आठवडे जिवंत राहते, आणि माणूस आजारी पडायला 10 सिस्टही पुरतात.

पाणी फडक्याने गाळून उपयोग नाही. फडक्याने नारू (कातडीतून लांब किडा बाहेर येण्याचा रोग) थोपवला गेला, कारण त्याची अळी पाण्यातल्या ज्या सायक्लॉप्स या बारीक जीवाच्या पोटात असते तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याएवढा असतो. जिआर्डियाची सिस्ट जेमतेम 8 ते 12 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ती फडक्यातून आरामात जाते.

शहरातला धोका वेगळा. पाणी दोन तास येतं आणि जातं. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब पडतो आणि गटाराला लागून असलेल्या गळक्या जोडातून सांडपाणी आत ओढलं जातं. कुणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर आणखीच. म्हणून नळ आल्या आल्या मिळणारी पहिली बादली धुण्या-पुसण्याला ठेवा, हंड्यात नको. यूव्ही (अतिनील किरणांचा) प्युरिफायर जिआर्डियाला चांगला मारतो, पण पाणी गढूळ असेल तर किरण पोचतच नाहीत.

ट्रेकला गडावरच्या टाक्यातलं पाणी नितळ दिसतं म्हणून ओंजळीने प्यायचं, हा तर हमखास मार्ग. पावसात वरच्या उतारावरची माणसांची नि गुरांची घाण तिथेच उतरते. फिल्टर बाटली घेताना तिच्यावर 1 मायक्रॉन 'अ‍ॅब्सोल्यूट' (म्हणजे त्याहून मोठं छिद्रच नाही) लिहिलंय का ते बघा. 'नॉमिनल' (म्हणजे अंदाजे तेवढं) असेल तर काही सिस्ट सुटतात. सगळ्यात खात्रीचं म्हणजे उकळणं. पाणी खळखळून उकळायला लागल्यापासून 1 मिनिट, आणि 2000 मीटरच्या वर 3 मिनिटं. कळसूबाई 1646 मीटर, त्यामुळे सह्याद्रीत एक मिनिट पुरे, हिमालयात तीन.

पाण्याइतकाच हातांचाही वाटा असतो, हे बरेचदा निसटतं. पाळणाघरात एका मुलाचा लंगोट बदलून त्याच हाताने दुसऱ्याला भरवलं की झालं. सॅनिटायझरवर इथे भिस्त ठेवू नका, साबण आणि वाहतं पाणीच हवं. काही मुलांना त्रास काहीच होत नाही, पण सिस्ट बाहेर पडत राहतात.

लक्षणं 1 ते 3 आठवड्यांनी येतात, त्यामुळे खापर कालच्या वडापाववर फुटतं. शौचाला तेलकट, घाण वासाचं होत असेल, पोटात गॅस धरत असेल, ताप नसेल आणि हे आठवडाभर चाललं असेल, तर डॉक्टरांना तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतचं पाणी आणि प्रवास सांगा. शौचाची तपासणी एकदा निगेटिव्ह आली तरी थांबू नका. सिस्ट रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावे लागतात.