विंडोज ११ : घोडं पेंड खात होतं ते ई ड्राइव्हपाशी

घरी २०१८-१९ च्या सुमारास असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे आणि दुकानातून "हा आता विंडोज ११ घेत नाही, नवीनच घ्या" असं उत्तर मिळालंय, अशांसाठी हे लिहिते आहे. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, तो मधूनमधून दिसेल. पण कॉम्प्युटर तोच आहे, त्यावर विंडोज ११ नीट चालतंय, एकही फाइल गेली नाही आणि फॉरमॅट मारावा लागला नाही.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. इतवारीतल्या काही दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं घरूनच करते. त्यामुळे कॉम्प्युटर घरचा असला तरी त्यात टॅली आहे, डिजिटल सहीचं टोकन लागतं, बँकांच्या साइट दिवसभर उघड्या असतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या तारखेनंतर कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. ज्या मशीनवर लोकांचे पासवर्ड टाइप होतात, तिथे मला हे चालणार नव्हतं. करायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता लगेच सुटला. सगळा वेळ खाल्ला तो कसं करायचं याने.

आधी एक गोष्ट, म्हणजे कुणी घाबरून घाई करणार नाही. विंडोज १० ला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय आहे. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि आपली सेटिंग त्या खात्यात बॅकअपला ठेवली तर पैसे पडत नाहीत. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती मात्र हवी. मी दिवाळीच्या गडबडीत आधी हेच करून घेतलं. डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि मग शांतपणे बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा, बाजार गाठला.

बर्डीवर जायचं कारण असं की पीसी हेल्थ चेक या तपासणीच्या ॲपमध्ये माझ्या मशीनपुढे दोन लाल फुल्या आल्या होत्या. एक टीपीएम २.० पुढे (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय), दुसरी सिक्युअर बूटपुढे (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). दुकानदाराने तो स्क्रीन पाहिला, सीपीयू उघडलासुद्धा नाही आणि म्हणाला, "मॅडम, याचा बोर्डच जुना झाला न. हे काही इलेव्हन घेणार नाही. नवीन सीपीयू घेऊन घ्या, जुन्याचे थोडेफार देऊन देतो." नव्याचा भाव सांगितला ३५ हजार. दुसऱ्या दुकानात म्हणाले, फॉरमॅट मारून टाकून देतो, डाटा तुमचा तुम्ही काढून आणा. तिसरीकडे तर तपासणीला बगल देऊन जबरदस्तीने विंडोज ११ टाकायची तयारी होती. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मी तर अपडेटसाठीच हे सगळं करत होते. तिन्ही दुकानांत एकानेही प्रोसेसर कोणता आहे हे विचारलं नाही. मला चीड आहे ती याची. ज्या बाईला माहिती नसेल ती ३५ हजार मोजून येईल, आणि धडधाकट मशीन भंगारात जाईल.

घरी येऊन मी स्वतः बघायला बसले. माझा प्रोसेसर इंटेलचा आय३-८१००, म्हणजे आठव्या पिढीचा. इंटेलमध्ये सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात, एएमडीमध्ये रायझनच्या २००० मालिकेपासूनचे बहुतेक. तपासणीतही माझ्या प्रोसेसरपुढे हिरवी खूणच होती. लाल फुलीखाली लिहिलेली ओळ पुरती वाचली तर तिथे दोन अटी आहेत : टीपीएम या मशीनमध्ये असायला हवं आणि ते चालू असायला हवं. या काळातल्या इंटेल प्रोसेसरांसोबत टीपीएमचं काम करणारी सोय बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डात कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) येते, तिला पीटीटी म्हणतात. एएमडीमध्ये तिचं नाव एफटीपीएम. वेगळी चिप विकत घ्यायची गरज नसते. असेंबल केलेल्या कितीतरी मशीनमध्ये ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, नुसती बंद असते. माझ्याही होती.

सिक्युअर बूटचं प्रकरण मात्र खोल निघालं. विंडोजचं बटन आणि आर दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप केलं की सिस्टिमची माहिती उघडते. त्यात बायोस मोडपुढे माझ्याकडे 'लेगसी', म्हणजे मशीन सुरू करायची जुनी पद्धत, लिहिलं होतं. हवी होती 'यूईएफआय' ही नवी पद्धत, सिक्युअर बूट तिच्यातच चालतं. बोर्डाला यूईएफआय येत होतं, पण २०१९ मध्ये विंडोज टाकणाऱ्याने जुन्या पद्धतीने टाकलं होतं, आणि त्यामुळे डिस्कही जुन्या एमबीआर मांडणीची होती. मधे हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हाही जशीच्या तशी नक्कल झाली आणि जुनी मांडणी नव्या डिस्कवर आली. (तुमच्याकडे अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. विंडोज ११ त्या डिस्कवर चढतं, पण काम करवत नाही.)

एमबीआरची जीपीटी, म्हणजे यूईएफआयला लागणारी नवी मांडणी, करायला विंडोज १० मध्येच एक साधन आहे, एमबीआर२जीपीटी. डाटा न पुसता मांडणी बदलतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, आधी त्याच्याकडून डिस्क तपासून घ्यायची, पास झाली तर रूपांतर करायचं. दोन ओळींचं काम. माझ्याकडे पहिल्याच ओळीला उत्तर आलं की डिस्कच्या मांडणीची तपासणी फेल. का फेल, ते लिहिलेलं नव्हतं.

इथे मी अडकले, आणि बरेच दिवस अडकले. एकीकडे ११ तारखेचं जीएसटीआर-१, २० तारखेचं ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, त्यांच्यामधल्या मोकळ्या संध्याकाळी मी हे घेऊन बसायची. एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर त्यांनी वॉरंटीचा नंबर घेतला आणि डिस्क चांगली आहे एवढंच सांगितलं. डिस्क चांगली आहे हे मलाही ठाऊक होतं. बर्डीच्या पहिल्या दुकानात विचारलं, तर पुन्हा तेच : "फॉरमॅट मारावाच लागते मॅडम, याच्याशिवाय होतच नाही." इतक्या खात्रीने सांगतात की माणसाला वाटावं, असेलच खरं.

कारण सापडलं ते डिस्क मॅनेजमेंट या, डिस्कचे भाग दाखवणाऱ्या विंडोजमधल्याच साधनाच्या चित्रात. स्टार्टवर राइट क्लिक केलं की ते यादीत मिळतं. माझी डिस्क तिथे अशी दिसत होती : सुरुवातीला विंडोजने राखून ठेवलेला लहानसा तुकडा, मग सी, मग डी, या तिघांवर गडद निळी पट्टी. आणि शेवटी ई, त्याच्यावर फिकी निळी पट्टी आणि भोवती हिरवी चौकट. एमबीआर डिस्कवर प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे मुख्य भाग, चारच करता येतात. म्हणून डिस्क मॅनेजमेंट तीन प्रायमरी झाली की चौथ्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करतं आणि त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह ठेवतं. हिरवी चौकट म्हणजे ते एक्स्टेंडेड. एमबीआर२जीपीटीची अट अशी की प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन असावीत आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल एकही नसावं. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये सी, डी, ई करून देण्याची जुनी रीत आहे. ती रीतच इथे आडवी येत होती. तुमचं मशीन इथे अडलं असेल तर आधी ही हिरवी चौकट शोधा.

आता ई रिकामा करून काढून टाकायचा होता. माझ्या ई ड्राइव्हमध्ये टॅलीचा डाटा, सगळ्या पक्षकारांची जुनी विवरणपत्रं, लग्नाचा व्हिडिओ, सासऱ्यांनी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं. हे पुसायचं म्हणताना हात धजेना. पुतण्या शंकरनगरहून बाहेरची हार्डडिस्क घेऊन आला. कॉपी सुरू केली तर वेळ इतका दाखवला की तो म्हणाला, "काकू, समोरच्या पोर्टला काऊन लावली? मागच्या निळ्या पोर्टला लावा न." मागचं निळं पोर्ट यूएसबी ३ चं असतं, तिथे लावल्यावर काम कितीतरी लवकर झालं. कॉपी झाली की लगेच मूळ पुसू नका. दोन्हीकडच्या फोल्डरांची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या जुळते का बघा, आणि वेगवेगळ्या फोल्डरातल्या फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. टॅलीचा बॅकअप मी वेगळ्या पेनड्राइव्हवरही घेतला, कारण तो डाटा माझा नाही, लोकांचा आहे.

मग ई डिलीट केला. पुन्हा तपासणी. पुन्हा फेल! त्या संध्याकाळी मला खरोखर रडू येईल असं झालं होतं. चित्रात ई गेला होता, तिथे 'फ्री स्पेस' लिहून आलं होतं, वाटलं झालं. पुतण्याने फोनवर स्क्रीनचा फोटो मागवला आणि म्हणाला, "काकू, हिरवं अजून दिसून राहिलं न." आतला ड्राइव्ह गेला तरी एक्स्टेंडेडचं रिकामं टोपलं तसंच होतं. त्या हिरव्या जागेवर पुन्हा राइट क्लिक करून ते पार्टिशनही डिलीट करावं लागतं. तसं केल्यावर पट्टी काळी झाली आणि खाली 'अनॲलोकेटेड' आलं. या वेळी तपासणी पास झाली. रूपांतराला तर चहा गरम करण्याइतकाही वेळ लागला नाही. एवढ्यासाठी दुकानं फॉरमॅट मारायला निघाली होती.

पुढचं सरळ होतं. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेले, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू. क्रम मात्र पाळा : आधी डिस्कचं रूपांतर, मगच सीएसएम बंद. उलट केलं तर मशीनला विंडोज सापडत नाही. तसं झालंच तर सीएसएम परत चालू करा, जुनं विंडोज पुन्हा उठतं. आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं : बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा आणि हे सगळं होईपर्यंत तो थांबवून ठेवा. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर त्याचीही सोय आधी बघा. मे महिन्यात ४५ अंशात वीज आत-बाहेर होते तेव्हा हे काम काढूच नका.

तपासणीत सगळं हिरवं झालं, आणि विंडोज ११ त्याच मशीनवर, फुकट, सगळ्या प्रोग्रामांसकट चढलं. रिकाम्या जागेत नवा ड्राइव्ह करून त्याला पुन्हा ई हेच अक्षर दिलं, त्यामुळे टॅलीला डाटाचा रस्ता परत दाखवावा लागला नाही. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागला. प्रिंटर आपोआप आला. कृतिदेवची पत्रं जशी होती तशी उघडली, ती मी सगळ्यांत आधी बघितली.

चढवल्यावर १० दिवसांच्या आत सेटिंगमधून विंडोज १० वर परत जाता येतं. तेवढ्या दिवसांत डिस्क क्लीनअपने जुन्या विंडोजच्या फाइली पुसू नका, त्या गेल्या की परतीचा रस्ता बंद. आणि हे दिवस असे निवडा की त्यांत आपलं खरं काम एकदा तरी पूर्ण होईल. मी २० तारखेचं ३बी भरल्यावर चढवलं, ते माझ्या दृष्टीने चुकीचं पडलं असतं, कारण पुढचं विवरणपत्र त्या १० दिवसांत येत नव्हतं. म्हणून एका पक्षकाराचं जुनं विवरणपत्र उघडून टोकनने लॉगिन, पोर्टल, टॅलीची निर्यात, छपाई, सगळं १० दिवसांच्या आत मुद्दाम करून पाहिलं.

पुतण्याच्या मशीनचं असं होणार नाही. त्याचा आय५-७४०० सातव्या पिढीचा, तो मंजूर यादीत नाही, बायोसमध्ये काहीही चालू केलं तरी येणार नाही. त्याला मी वर्षभराच्या अपडेटचं नाव नोंदवून दिलं. तो कॉलेजचा अभ्यास आणि प्रोग्रामिंगच करतो, त्याला टॅली नको, टोकन नको. तेव्हा येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघायचं ठरलंय, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून, म्हणजे वायफाय आणि आवाज चालतो का ते कळेल. त्याची बाहेरची हार्डडिस्क सध्या माझ्याकडेच आहे.