तक्रार घेऊन घाट चढले

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या पॅरिशची (चर्चच्या विभागाची) मंडळी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे मरियमपूरच्या चर्चला पायी जातात, तीसेक किलोमीटर, वाटेत थांबत थांबत क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं करायची, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरचा एकेक प्रसंग आठवून प्रार्थना करायची. आम्ही याला वारीच म्हणतो, कारण आजूबाजूचे सगळे शेगावला पायी जाणारे. पायाला खोबरेल तेल चोळून जा आणि नवीन चप्पल अजिबात घालू नको, हे मला सांगितलं तेही शेजारच्या काकूंनी, ज्या गजानन महाराजांच्या दर्शनाला चालत जातात.

मी गेले ती भक्ती उतू चालली होती म्हणून नाही. २०२१ ला राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, १७ फेब्रुवारीला होता, त्या दिवशी हे माझ्या बाजूला उभे होते. पुढच्याच आठवड्यात अमरावती आणि अचलपुरात लॉकडाऊन लागला आणि ईस्टर यायच्या आत हे गेले. कोरोना. दफनाला मोजकी माणसं, किट घातलेली, फादरांनी लांबूनच प्रार्थना म्हटली, मला मातीची मूठ टाकायलाही जवळ जाऊ दिलं नाही. नंतर जो येईल तो म्हणायचा देवाची इच्छा, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मायेनंच म्हणायचे, पण मला वाटायचं की माझ्या लेकरांचा बापच कशाला हवा होता त्याला? मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचे, जपमाळ करायचे, पण आतून त्याच्याशी बोलणं बंद होतं.

तर रात्री निघालो, कारण मार्चचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पहाटेपर्यंत धामणगाव गढी गाठली, घाट उजेडातच चढायचा असं ठरलेलं, जंगलात अस्वलं आहेत. सागाची पानं झडलेली, मधेच पळस लालभडक, आणि मोहाचा तो गोड उग्र वास. कोरकू बायका टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेल्या, एकेक फूल दोन बोटांनी उचलून टाकत होत्या. त्यातल्या एका आजीनं आमचा क्रूस पाहून हात जोडले आणि पुन्हा वेचायला लागली.

चौथ्या स्थानाला येशूला त्याची आई भेटते. तिथं आमच्यातल्या एक मावशी थांबल्या त्या हलेचनात. त्यांचा तरणा मुलगा गाडीवरून पडून गेला होता. मी त्यांचा हात धरला आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मावशी, मी देवावर रागावलेली आहे, खूप." त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंग त्याले सांग ना व बाई, मले काऊन सांगतं? मी त त्याले रोज सांगतो."

मग वर चढताना बायबलमधली मार्था, लाजरची बहीण, तीच डोक्यात राहिली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात लाजर आजारी आहे असा निरोप मिळूनही येशू आहे तिथंच दोन दिवस थांबतो आणि पोचतो तेव्हा लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था घरात बसून राहत नाही, तो गावात शिरायच्या आधीच उठून त्याला वाटेवर गाठते आणि तोंडावर म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला रागावत नाही. पुढं तेच वाक्य तिची बहीण मरिया म्हणते तेव्हा तो रडतो, आणि लाजरला उठवणार आहे हे माहीत असून रडतो, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. बायबलमधल्या ईयोबाचं पण तसंच, त्याची मुलंबाळं, सगळं गेलेलं; देवाची बाजू घेऊन भाषणं देणाऱ्या मित्रांवरच शेवटी देव रागावतो, आणि एवढी तक्रार करणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो की हा माझ्याविषयी नीट बोलला. (दुःखाच्या घरी जाताना ते मित्र पहिले सात दिवस कसे गप्प बसले तेवढंच शिकून जावं, वचनं नंतर.)

वळणावर मी मुद्दाम मागं राहिले आणि बोलले, मोठ्यानं, तू इथं असतास तर हे गेले नसते. दम लागलेला, रडू येत होतं, शब्द धड निघत नव्हते, पण सगळं बोलले, दफनाचं, मुलांच्या फीचं, धाकटी रात्री उठून पप्पा म्हणते त्याचं. उत्तर काही आलं नाही. हे का गेले ते मला आजही कळलेलं नाही आणि कळेल असंही वाटत नाही. पण भरवसा म्हणजे राग गिळून गोड बोलणं असं मी समजत होते ते तिथं सुटलं, ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याकडे कोणी एवढी तक्रार घेऊन घाट चढत नाही.

वर मोथ्याला चहा झाला, मरियमपूरला पोचून मिस्सा, मग वरण-भात. पाय सुजले होते. मावशींनी माझ्या टाचेला तेल लावून दिलं आणि म्हणाल्या, "आता घरी गेल्यावर बी बोलत राय त्याच्याशी." रोज बोलते आता, बहुतेक भाकरी थापताना, कधी भांडते पण. पुढच्या उपवासकाळात सासूबाईंना घेऊन जायचं आहे, त्यांना घाट झेपणार नाही, पण धामणगावपर्यंत गाडीनं आणून चौथ्या स्थानाला तरी आमच्यासोबत उभं करायचं ठरवलंय, त्यांचा तर मुलगा गेलाय.