दुकशिरीची तिसरी बरणी

फेणी आणि तिच्यात मूळ मुरवून होणारी दुकशिरी यांच्या मार्चपासून आजपर्यंतच्या नोंदी येथे एकत्र मांडत आहे. मागच्या वर्षी मी फेणी आणि सिंगल माल्ट व्हिस्की यांना एकाच मापाने मोजत होतो आणि त्यात फेणी दरवेळी नापास होत होती. या हंगामात कळले की मापच चुकले होते.

हंगामाची सुरुवात गोव्यात वाळपईच्या पुढे, ओळखीच्या एका भट्टीवर झाली. तेथे झाडावरून ओढून काढलेला बोंडू, म्हणजे काजूचे फळ, चालत नाही, आपोआप गळून पडलेलाच घेतात, कारण पूर्ण पिकल्याशिवाय त्याच्या रसाला तो गोड, किंचित उग्र वास येत नाही. बिया काढलेले बोंडू कातळात खोदलेल्या कुंडीत, म्हणजे कोळंबीत, तुडवतात आणि निघालेला रस, वरून यीस्ट न घालता, हवेतल्या आणि सालीवरच्या जंतूंच्या भरवशावर दोन-तीन दिवस आंबू देतात. फेणीच्या वासाचा मोठा भाग या तीन दिवसांत घडतो, असे माझे मत झाले आहे. पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक निघते, तिच्यात पुन्हा आंबवलेला रस मिसळून ती भाणात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात, चढवली की फेणी मिळते.

भट्टीवाल्या काकांनी नारळाच्या करवंटीतून ताजी धार ग्लासात उंचावरून सोडली तेव्हा कडेला मोत्यांसारख्या बुडबुड्यांची माळ उभी राहिली आणि चांगली टिकली. धार पातळ असती तर हा फेस क्षणात विरला असता. मी लगेच ग्लास तोंडाला लावणार, तोच काका म्हणाले, “बाब, आदीं वास घे, मागीर उलोवया.” (आधी वास घे, मग बोलू.) माझ्या वर्षभराच्या अभ्यासाचा पायाच त्या एका वाक्याने हलवला, कारण तोवर मी फेणी नेहमी बर्फ, लिंबू आणि सोडा घालूनच घेत आलो होतो. थंडीत वास दबतो आणि नुसता जाळ जाणवतो, हे मला माल्टच्या बाबतीत ठाऊक होते. घरच्या दारूच्या बाबतीत ते का सुचले नाही, कोण जाणे.

हुर्राकीविषयी फार लिहीत नाही. ती सौम्य असते, फार काळ टिकत नाही, आणि मीठ, लिंबू व चिरलेली हिरवी मिरची घालून एप्रिलच्या दुपारी प्यावी. तिचे टिपण करणे म्हणजे आमरसाचे टिपण करण्यासारखे आहे.

मे महिन्यात तुलना नव्याने केली. पद्धत अशी ठेवली: निमुळत्या तोंडाच्या ग्लासात २० मिलिलिटर, बर्फ नाही, दहा मिनिटे उघडे. एका बाजूला ४२.८ टक्के अल्कोहोलची काजूची फेणी, दुसऱ्या बाजूला कुंकळ्ळीत तयार होणारा पॉल जॉनचा ‘ब्रिलियन्स’ हा सिंगल माल्ट. तो ४६ टक्क्यांचा असल्यामुळे त्यात दीड मिलिलिटर पाणी घातले, म्हणजे दोन्हींची तीव्रता जवळपास सारखी झाली. (औषधाची सुई नसलेली पिचकारी या कामाला उत्तम.) माल्टमध्ये मध, व्हॅनिला आणि भाजलेल्या धान्याचा वास आला. त्यातील व्हॅनिला लाकडाचा. गोव्याच्या उकाड्यात पिंपातील दारू स्कॉटलंडपेक्षा कितीतरी वेगाने उडते आणि लाकडाशी तिचा व्यवहारही तितकाच घाईने होतो. फेणी मात्र परंपरेने लाकडात जातच नाही, ती काचेच्या फुगीर गराफांवात राहते. म्हणजे नाकाला जे लागते ते सगळे फळाचे आणि आंबवणीचे: जास्त पिकलेला अननस, हिरवी साल आणि मागे उरणारा एक तुरटपणा. मी वर्षभर फेणीत लाकूड शोधत होतो.

मधल्या काळात रस्त्याकडेच्या एका दुकानातून सुट्ट्या बाटलीतली ‘गावठी’ फेणी घेतली आणि फसलो. तळहातावर चोळल्यावर खऱ्या फेणीचा वास हळूहळू फळावर येऊन थांबतो. हिचा सुरुवातीलाच गोळीसारखा गोड आला आणि तसाच राहिला. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण सुट्ट्या बाटलीवर ते कोणी चिकटवत नाही. पुन्हा तसे धाडस करणार नाही.

आता दुकशिरी. ही म्हणजे आपली उपळसरी किंवा अनंतमूळ. मुळाला व्हॅनिला आणि बदाम यांच्या मधला वास येतो. पहिली बरणी मी अधाशीपणाने भरली: ७५० मिलिलिटर फेणीत ४० ग्रॅम मुळे, एकवीस दिवस. रंग कडक चहासारखा झाला आणि चव अशी की काढा बरा. चूक शोधताना एक मूळ उभे चिरले, तेव्हा आतला पांढरट गाभा अगदी निर्गंध आणि बाहेरची तपकिरी साल नखाने खरवडताच घमघमणारी निघाली. शिवाय मी मुळे उन्हात वाळवली होती, त्यात निम्मा वास बहुधा अंगणातच उडून गेला असावा.

दुसऱ्या बरणीत मुळे सावलीत वाळवली, फक्त साल घेतली, तीही १२ ग्रॅम, आणि रोज रात्री एक चमचा चाखून पाचव्या दिवशी गाळली. रंग फिकट मधासारखा आला. काजूचा अननसी वास पुढे आणि व्हॅनिला मागे, असा क्रम लागला. सोबत ठेवलेल्या नाशिकच्या शेनिन ब्लाँ वाइनची आठवण त्यानंतर कोणालाच झाली नाही. हीच दुकशिरी त्या माल्टशेजारी ठेवली असता दोन व्हॅनिलांमधला फरक प्रथमच नीट कळला: ओकचा व्हॅनिला गोडाकडे झुकतो, मुळाचा मातीकडे.

तिसरी बरणी माडाच्या फेणीची आहे. साल ८ ग्रॅम, बाकी सर्व दुसऱ्यासारखेच. आज तिसरी रात्र. चमचाभर घेतली तर नारळाचा वास अजून पुढे उभा आहे आणि दुकशिरी त्याच्या मागे कुठे तरी. परवा गाळीन.