डाग उमटण्याआधीचा मेंदू

मल्टिपल स्क्लेरोसिसविषयी वाचताना मी दोन आकड्यांपाशी दर वेळी थबकतो. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी या आजाराच्या दहा रुग्णांचे मेंदू सीटी स्कॅनने आणि तेव्हा अगदी नव्या असलेल्या, आज आपण ज्याला एमआरआय म्हणतो त्या तंत्राने तपासले. सीटीवर सगळ्यांचे मिळून १९ डाग दिसले होते; एमआरआयने त्यांखेरीज आणखी ११२ दाखवले.

या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरील मायलिन या मेदयुक्त वेष्टणावर हल्ला करते. मायलिन झिजून सूज आलेल्या जागी पाण्याचे प्रमाण वाढते आणि तेवढा भाग एमआरआयच्या चित्रात पांढरा उमटतो. गॅडोलिनियम या एमआरआयच्या चित्रात उठून दिसणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन दिल्यास ताजा डाग काही आठवडे उजळून दिसतो, कारण तेथील रक्तवाहिन्यांची भिंत गळू लागलेली असते. जुना डाग तसा उजळत नाही. त्यामुळे एकाच तपासणीत कालचे आणि आजचे नुकसान वेगळे ओळखता येते.

लंडनच्याच क्वीन स्क्वेअर येथील अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो त्यामागच्या चिकाटीमुळे. एका डोळ्याची दृष्टी अचानक मंदावणे यासारखा पहिलाच झटका आलेल्या १०७ रुग्णांचा तेथे सुमारे वीस वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांच्या पहिल्या एमआरआयमध्ये डाग होते त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांना पुढे हा आजार जडला. ज्यांचे चित्र स्वच्छ होते त्यांच्यापैकी २१ टक्क्यांना.

मात्र डाग दिसला म्हणजे निदान झाले, असे समजणे घातक आहे. डोकेदुखीसाठी केलेल्या तपासणीत, कोणतेही लक्षण नसताना, या आजारासारखे डाग अवचित सापडतात. २००९ पासून या स्थितीला स्वतंत्र नाव आहे. अशा व्यक्तींपैकी साधारण निम्म्यांना दहा वर्षांत लक्षणे दिसू लागतात. उरलेल्या निम्म्यांना आधीच रुग्ण ठरवण्याची घाई मला पटत नाही. मायग्रेनमुळे किंवा वाढत्या वयामुळेही मेंदूत पांढरे ठिपके पडतातच. पण मल्टिपल स्क्लेरोसिसचा डाग बहुधा एखाद्या बारीक शिरेभोवती तयार होतो आणि योग्य पद्धतीने घेतलेल्या चित्रात ती शीर डागाच्या मधोमध काळ्या रेघेसारखी दिसते. फरक ओळखण्यासाठी ही खूण फार उपयोगी पडते.

खरी सुरुवात मात्र डागाच्याही आधी होते. मायलिनच्या रेणूंना चिकटलेले पाणी आणि मोकळे पाणी यांच्यातील चुंबकीय देवाणघेवाण मोजण्याची एक पद्धत आहे. मायलिन विरळ झाले की ही देवाणघेवाण घटते. नव्वदच्या दशकात काही रुग्णांची पुन्हापुन्हा तपासणी करून संशोधकांनी पाहिले, तेव्हा ज्या जागी पुढे डाग उमटला तेथील हे माप काही महिने आधीपासूनच घसरत असल्याचे आढळले, आणि तेही साध्या चित्रात तो भाग पूर्णपणे निरोगी दिसत असताना. डोळ्यांना निरोगी वाटणारा भाग मोजमापात आजारी ठरतो, ही गोष्ट मला त्या ११२ डागांहूनही अधिक अस्वस्थ करते. अडचण अशी की हे माप यंत्रागणिक आणि त्याच्या मांडणीगणिक बदलते, त्यामुळे एका केंद्रातला आकडा दुसऱ्या केंद्रातल्या आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नाही. म्हणूनच रुग्णाच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टात अजूनही डागांचेच वर्णन असते.