परमिट गेलं, आता भाव व्हॉट्सॲपवर येतो

डीकंट्रोलला, म्हणजे भाव-वाटपावरचा सरकारी ताबा उठवण्याला, ऊठसूट शिव्या घालणाऱ्यांनी सिमेंटचं परमिट कधी बघितलेलं नसतं हे माझं जुनं मत आहे. सोलापुरात आमचं सिमेंट-सळईचं दुकान, अण्णांनी चालू केलेलं, आता मी बघतो. मागच्या आठवड्यात मित्रांच्या ग्रुपवर "कंपन्यांना मोकळं सोडलं म्हणून सामान्य माणूस मेला" आणि "सरकारनं सगळ्यातनं अंग काढून घ्यावं" असली जुगलबंदी रात्री एकपर्यंत चालली होती, तिथं एवढं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून इथं निवांत लिहितोय.

तर परमिट. १९८२ पर्यंत सिमेंटचा भाव सरकार ठरवायचं आणि कुणाला किती द्यायचं ते पण सरकारच ठरवायचं. घर बांधायचं तर प्लॅन जोडून अर्ज करा, मग कुणीतरी येऊन जागा बघून जाणार, मग साहेब रजेवर, मग सही, मग परमिट. अण्णा सांगतात, माणूस शंभर पोती मागायचा आणि मंजूर व्हायची तीस, ती पण दोन हप्त्यात, आणि दुसरा हप्ता येईपर्यंत आधीच्या शिल्लक पोत्यांचे गड्डे झालेले असायचे, ते गड्डे फोडून चाळून परत वापरायचे कारण टाकून द्यायची कुणाची हिंमत? आपल्याकडं पेठांमधनं माळवदाची घरं इतकी वर्षं टिकली त्याला हे पण एक कारण असणार, सगळी काही हौस नव्हती. आणि कहर म्हणजे सोलापूरहून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर शहाबाद आणि वाडी, दोन्हीकडं सिमेंटचे कारखाने, म्हणजे माल लांब होता असं पण नाही. कागदावरचा भाव स्वस्त होता हे खरंय पण त्या भावात माल ओळखीवाल्यालाच मिळायचा, बाकीच्यांनी ब्लॅकनं घ्यायचा नाहीतर पत्रे टाकून राहायचं.

वरच्या पातळीवर काय चालायचं ते तर अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात बिल्डर लोकांकडनं ट्रस्टला देणग्या घेतल्या या प्रकरणात हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुलेंना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. विचार करा, एका पोत्यावर सही करायचा अधिकार केवढ्याला विकला जात असेल. बॅरिस्टर माणूस, कामाचा झपाटा मोठा असं जुने लोक अजून सांगतात, पण असला अधिकार हातात दिला की माणूस कोण आहे यानं फार फरक पडत नाही असं मला वाटतं.

त्याच फेब्रुवारीत निम्मा-अर्धा कंट्रोल उठला. जुन्या कारखान्यांनी दोन तृतीयांश माल सरकारला ठरलेल्या भावात द्यायचा, उरलेला बाजारात विकायचा. मग सरकारला द्यायचा तो हिस्सा (लेव्ही) कमी कमी होत गेला आणि १ मार्च १९८९ ला भाव आणि वाटप दोन्ही मोकळं झालं, १९९१ ला नवीन कारखान्याला लायसन्स लागायचं ते पण गेलं. तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या सुरुवातीला, देशातल्या सगळ्या कारखान्यांची मिळून क्षमता तीन कोटी टनांच्या आसपास होती, आज ती साठ कोटी टनांच्या वर आहे आणि सिमेंट बनवण्यात चीननंतर आपलाच नंबर लागतो. अण्णा याचं एका वाक्यात सांगतात, "आधी गिऱ्हाईक आमच्या पाया पडायचं, मग आम्ही गिऱ्हाइकाच्या पडायला लागलो." दुकानदाराच्या तोंडचं हे वाक्य आहे म्हणजे यात कुणाचा फायदा झाला ते वेगळं सांगायला नको.

बरं, मोकळं झालं म्हणजे सगळंच मोकळं झालं असं पण नाही, हे ग्रुपवर कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. आमच्याकडं येऊन एखादं पोतं उलटंपालटं करून बघा. आयएसआयचा मार्क असतो, तो नसेल तर सिमेंट विकताच येत नाही. ५० किलो वजन छापलेलं असतं, ग्रेड असते, आणि कडेला बारीक अक्षरात कितव्या आठवड्यात भरलं तो नंबर असतो (हा नंबर बघून घ्या, तीन महिन्यांच्या पुढचा माल स्लॅबला वापरू नका, गवंडी काही पण म्हणू दे). ही सगळी सरकारी सक्तीच आहे की, पण त्याबद्दल आजवर एक गिऱ्हाईक माझ्याशी भांडलेलं नाही. एमआरपी पण छापलेली असते पण ती इतकी चढवून छापतात की त्याच्या जवळपाससुद्धा कुणी विकत नाही, म्हणजे नियम आहे, पाळलाय, आणि गिऱ्हाइकाला उपयोग शून्य.

आता दुसरी बाजू, जी मी रोज बघतो. सध्या भाव कसा वाढतो सांगू का? संध्याकाळी सातच्या सुमाराला कंपनीच्या माणसाचा व्हॉट्सॲप येतो की उद्यापासून पोत्यामागं पंधरा वाढले. मी चहा संपवेपर्यंत दुसऱ्या कंपनीचा मेसेज, पंधरा. रात्री जेवायला बसतोय तोवर तिसरी, पंधरा. नावं लिहीत नाही, मला पण उद्या माल घ्यायचाय. मागणी वाढली म्हणावं तर भर पावसाळ्यात बांधकामं बंद असताना पण असले मेसेज येतात, मग पंधरा-वीस दिवसांनी स्कीम, डिस्काउंट असं करत त्यातलं निम्मं परत येतं, पण मधल्या काळात ज्याचा स्लॅब पडला त्याचे गेले ते गेले. स्लॅब काही थांबवता येत नाही, सेंट्रिंगवाल्याचं भाडं चालू असतं.

हे फक्त माझ्या दुकानातलं गाऱ्हाणं असतं तर लिहिलं नसतं. बिल्डरांच्या संघटनेनं तक्रार केली म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली आणि जून २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार तीनशे कोटींच्या आसपास दंड लावला. म्हणणं काय होतं, तर या कंपन्या त्यांच्या असोसिएशनमार्फत भावाची आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना देत होत्या आणि कारखान्यात जास्त माल काढायची ताकद असताना माल कमी काढून भाव चढवत होत्या. म्हणजे परमिटच्या काळात जी टंचाई सरकार करायचं तीच टंचाई आता आपापसात ठरवून! पुढं अपिलात तो आदेश तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला, २०१६ ला आयोगानं परत दंड लावला, २०१८ ला अपील न्यायाधिकरणानं तो कायम केला, मग कंपन्या सुप्रीम कोर्टात. आणि समजा उद्या सगळा दंड भरला तरी तो जमा होतो सरकारच्या तिजोरीत, २०११ ला जुळे सोलापुरात घर बांधलेल्या माणसाच्या खात्यावर त्यातला रुपया येत नाही.

त्यात आता कंपन्याच कमी होत चालल्यात. २०२२ ला अंबुजा आणि एसीसी दोन्ही अदानींनी घेतल्या, इंडिया सिमेंट्स अल्ट्राटेककडं गेली, बाकी पण छोटे-मोठे ब्रँड या दोघांकडंच निघालेत. दुकानात माझ्याकडं पोत्यांचे रंग भरपूर दिसतील पण मालक मोजले तर बोटावर. माझं म्हणणं एवढंच आहे की गिऱ्हाइकाला एका दुकानातनं उठून दुसऱ्या दुकानात जायला वाव असेल तोवरच मोकळ्या बाजाराचा त्याला फायदा, आणि तो वाव राखायचं काम बाजार स्वतःहून करत नाही, कुणीतरी राखावं लागतं. परमिट परत आणा म्हणणाऱ्याला मात्र मी आधी अण्णांसमोर नेऊन बसवीन.

ट्रॅव्हल्सचं घ्या. सोलापूरची निम्मी पोरं पुण्यात नोकरीला, दिवाळीला सगळी एकदम निघणार. हुतात्मा, इंद्रायणी फुल्ल, २०२३ पासून वंदे भारत आलीय ती पण वेटिंग, राहिली ट्रॅव्हल्स. माझ्या पुतण्याकडनं नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री एरवीच्या तिप्पट पैसे घेतले, मी म्हटलं "अरे एवढे कशाला दिलास बे", तर म्हणतो "काका, तुम्ही फराळाला बोलवलालाव की, मग चालत येऊ का?" आता यात गंमत अशी की कायद्यानं हे बसतच नाही. एप्रिल २०१८ मध्ये राज्य सरकारनं ठरवून दिलंय, एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त खाजगी गाडीवाल्यानं घ्यायचं नाही. दर दिवाळीला आरटीओ पत्रक काढतं, हेल्पलाईन नंबर पेपरात येतो, आणि ॲपवर भाडं चढत राहतं. मी स्वतः धंदेवाला आहे, दिवाळीत गाडी इकडं भरून येते आणि तिकडं रिकामी जाते हे मला कळतं, त्याला जादा मिळायला पाहिजे हे पण मान्य. पण मग दीडपट परवडत नसेल तर दुप्पट करा आणि ती तरी पाळायला लावा, नाहीतर नियमच काढून टाका म्हणजे पोरं तीन महिने आधी बुकिंग करतील. नियम आहे म्हणून सरकार निवांत आणि कुणी बघत नाही म्हणून गाडीवाला निवांत, मधल्यामधे पुतण्या. आणि एक, एसटी बंद करा, तोट्यात आहे, विका असं म्हणणारे पण आमच्या ग्रुपवर आहेत, त्यांना एवढंच विचारतो की ती दीडपट कशाच्या दीडपट काढणार?

विमानाचं लांबण लावत नाही. आपल्याकडं आत्ता कुठं विमान यायला लागलंय, विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यावरनं झालेला तमाशा सगळ्यांनी बघितलाय, आणि मुंबईच्या विमानाला सुद्धा सरकारनं तूट भरून द्यायचं कबूल केलं तेव्हा ते सुरू झालं. मोकळा बाजार आपणहून सोलापूरला येत नाही, तो पुण्यापर्यंत येतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं शेकड्यानं रद्द झाली तेव्हा तर तिकीट इतकं भडकलं की मोकळीक वगैरे गुंडाळून सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, पुढं अंतराप्रमाणं. साठ टक्क्यांवर प्रवासी एकाच कंपनीकडं असतील तर ती कंपनी झोपली की देश झोपतो.

साखर आणि पेट्रोल ही तर मला डीकंट्रोलची उदाहरणंच वाटत नाहीत. साखर २०१३ ला मोकळी केली म्हणाले, २०१८ ला परत कुठल्या कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची ते दिल्लीनं ठरवायला सुरुवात केली आणि कमीत कमी विक्रीभाव पण बांधला, २०१९ ला तो किलोला ३१ केला. आपल्या जिल्ह्यात घरटी एक ऊसवाला आहे म्हणून यावर फार बोलत नाही, मार खायचा नाहीये. पेट्रोलचा भाव २०१० पासून आणि डिझेलचा २०१४ पासून म्हणे बाजार ठरवतो, २०१७ पासून तर रोज बदलणार होता, पण निवडणुका आल्या की तो बाजार पण आचारसंहिता पाळतो. २०२० ला जगात कच्चं तेल मातीमोल झालं तेव्हा एक्साईज वाढवून ती स्वस्ताई वरच्यावर काढून घेतली.

मोबाईलवर मात्र मला थोडं बोलायचंय कारण तिथं मोकळीक आणि नियम दोन्ही एकाच वेळी कामाला आलेले दिसतात. १९९५ ला मोबाईल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत लागायचे आणि फोन आला तरी पैसे, २००३ ला इनकमिंग फुकट झालं. कंपन्या वाढल्या, भाव पडले, हे सगळं खरं, पण जानेवारी २०११ ला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली ती कुठल्या कंपनीनं हौसेनं दिलेली नाही, टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ट्रायनं मागं लागून द्यायला लावली. मग २०१६ ला जिओ आलं, डेटा फुकटासारखा झाला, आणि त्या मारामारीत निम्म्या कंपन्या संपल्या किंवा एकमेकीत विलीन झाल्या. आता राहिलेल्या तिघी खाजगी कंपन्यांनी जुलै २०२४ ला दोन-चार दिवसांच्या अंतरानं एकदम भाव वाढवले, आणि मला माझ्या सातच्या मेसेजची आठवण झाली.

यात सगळ्यात जास्त लुबाडले गेले ते आमच्या आईसारखे लोक. आईकडं बटणाचा फोन, तिला फक्त मावशीशी आणि माझ्या बहिणीशी बोलायचं असतं, पण प्रत्येक पॅकमधे डेटा कोंबलेला, तो घेतल्याशिवाय बोलायला मिळायचंच नाही. त्यात महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं सांगितलं की फक्त बोलण्याचा आणि मेसेजचा पॅक ठेवावाच लागेल, भाव तुम्ही ठरवा. जानेवारीत कंपन्यांनी पॅक काढले ते डेटा उडवला आणि भाव जवळपास तोच ठेवला असे, बोंब झाली, ट्रायनं आम्ही तपासतोय म्हटलं, आणि थोड्याच दिवसांत दर खाली आले. फार नाही, पण आले. हा पॅक रिचार्जवाला आपणहून सांगत नाही, ॲपवर पण खाली कुठंतरी दडवलेला असतो, तर घरात बटणाचा फोन असेल तर नेट नसलेला लांब मुदतीचा पॅक दाखव असं स्पष्ट म्हणा आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.