पाच-नऊची दिडकी

क्रॅप्स या कॅसिनोतल्या दोन फाशांच्या खेळाची डीलर, म्हणजे टेबलावर पैसे घेणारी-देणारी, व्हायच्या पहिल्या टेबल टेस्टला मी नापास झाले ती दीडमुळे. पॉइंट, म्हणजे परत यायला हवा तो आकडा, नऊ होता. गिऱ्हाईक बनून समोर उभ्या राहिलेल्या, शिकवणाऱ्या सरांनी लाइनवरच्या मुख्य डावामागे ४६ डॉलरचे ऑड्स, म्हणजे जादा पैसे, लावले होते; नऊ आले की त्यांचे दीडपट द्यायचे. फासे पडले पाच आणि चार. आणि मी ४६ ची दीडपट किती, हे ओठ हलवत मोजत राहिले. सरांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. "जहाजावर एवढ्या वेळात तीन माणसं भांडायला लागतात," म्हणाले, आणि कागदावर फुली मारली.

मी लालबागची. हॉटेल मॅनेजमेंट केलं, मग दोन वर्षं एका हॉटेलच्या बँक्वेटमध्ये रात्रपाळ्या. पगार सांगण्यासारखा नव्हता. बरोबरची एक मुलगी क्रूझवर कॅसिनो डीलर म्हणून गेली, तिच्याकडून कळलं की अंधेरीत याचं ट्रेनिंग मिळतं. ब्लॅकजॅक, रूलेट आणि शेवटी क्रॅप्स. पहिले दोन आले की बहुतेक जण नोकरी शोधायला लागतात. क्रॅप्सला थांबणारे कमी, म्हणून क्रॅप्स येणाऱ्याला भाव. इतका साधा हिशेब करून मी थांबले.

ट्रेनिंगच्या टेबलावर पैसा नसतो, सगळ्या चिप्स खोट्या. मुंबईत दुसरं काही चालणारही नाही. इथे जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा आहे. राज्याने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे इथे शिकायचं आणि नोकरी करायची ती गोव्याच्या बोटींवर नाहीतर समुद्रापार.

घरी सांगितलं त्या रात्री बाबा जेवणावरून उठले. गिरणगावात मटक्याने काय केलं ते त्यांनी पाहिलंय. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते-बंद होते भाव इथे येत आणि त्यावर लोक आकडे लावत. पुढे कापूस गेला, मडक्यातून चिठ्ठ्या निघायला लागल्या, आकडा राहिला. पगाराचं पाकीट घरी पोचण्याआधी रिकामं व्हायचं. मी म्हटलं, बाबा, मी लावणार नाही, मी वाटणार. ते म्हणाले, "मटका घेणाराही हेच म्हणायचा." याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही फारसं नाही. आजीने तर थेट द्रौपदीच काढली. आजोबा तेवढे गप्प होते. ते गिरणीत टाइमकीपर होते, आकड्यांचा माणूस. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हिशेब कसला असतो त्यात?"

मग गॅलरीत खडूने टेबल काढलं. लुडोचे दोन फासे घेतले. आजीला म्हटलं, तू टाक. नाही नाही म्हणत तिने टाकले, पडले सहा आणि सहा. "पौ बारा!" आजीने टाळी वाजवली. मला सांगावं लागलं, आजी, तू हरलीस.

सारीपाट खेळलेल्या बाईला हे पटणं अवघड. पण क्रॅप्सची पहिली फेक, जिला कम-आउट म्हणतात, तिच्यात सात किंवा अकरा आले तर लाइनवर पैसे लावलेले जिंकतात. दोन, तीन किंवा बारा आले तर पैसे जातात. उरलेल्या चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा यांतलं काही आलं तर तो आकडा पॉइंट ठरतो. डीलर काळी 'ऑफ' बाजू वर असलेली चकती उलटून पांढरी 'ऑन' करतो आणि त्या आकड्यावर ठेवतो. आता खेळ बदलला. पॉइंट परत आला की लाइनवाले जिंकले, त्याआधी सात आले की सगळं साफ आणि फासे पुढच्याकडे. मधे दुसरं काहीही पडो, लाइनला घेणंदेणं नाही.

"म्हणजे सात आधी जावई आणि मग सावकार," आजी म्हणाली. यापेक्षा नेमकं मला सरांनीही सांगितलं नव्हतं.

आजोबांना 'का' हवं होतं. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे सहा बाय सहाचे चौकोन आखले. दोन फाशांचे ३६ प्रकार. सात सहा तऱ्हांनी येतात. सहा आणि आठ पाच तऱ्हांनी, पाच आणि नऊ चार, चार आणि दहा तीन. दोन आणि बारा एकेकच. ते थोडा वेळ त्या चौकोनांकडे बघत बसले आणि म्हणाले, "नऊ पॉइंट असेल तर चाराला सहा. म्हणजे दीडपट द्यायला पाहिजे." क्रॅप्सचा ऑड्सचा दर त्यांनी चाळीच्या गॅलरीत बसून काढला. चार-दहाला दुप्पट, पाच-नऊला दीडपट, सहा-आठला पाचाला सहा. ऑड्स म्हणजे पॉइंट ठरल्यावर लाइनमागे लावायचे जादा पैसे. त्यांच्यावर कॅसिनोला दमडी सुटत नाही, आणि म्हणूनच की काय, टेबलावर त्यांच्यासाठी चौकट छापलेली नसते. माहीत असलेलाच लावतो.

"आणि तू दीडपटीला अडलीस?" आजोबा. "दिडकी येत नाही तुला?"

नव्हती येत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही नावं ऐकलेली, पण आमच्या शाळेत साध्या पाढ्यांच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाच्या आधी दिडकी. एक दिडके दीड, दोन दिडके तीन. ते कपडे वाळत घालता घालता विचारायचे, मी दात घासता घासता उत्तर द्यायची. बारा दिवसांत शंभरापर्यंत आली. सेहेचाळीस दिडके एकोणसत्तर. हे आता मला झोपेतून उठवून विचारा.

दिडकीने सगळं सुटत नाही पण. थेट आकड्यावर पैसे ठेवायचे 'प्लेस' डाव असतात, त्यांचे दर मुद्दाम थोडे तोकडे: चार-दहाला पाचाला नऊ, पाच-नऊला पाचाला सात, सहा-आठला सहाला सात. त्यामुळे सहावर कोणी १० डॉलर ठेवले की डीलरने नम्रपणे "बारा करता का?" म्हणायचं, कारण बाराचे सरळ चौदा होतात. हे पाढे मी बसच्या नंबरांवर घोटले. परळच्या थांब्यावर ४० नंबर आली की पाचाला सातने छप्पन्न. कंडक्टरला पैसे देताना एकदा तोंडून "छप्पन्न" निघालं आणि त्याने विचित्र नजरेने पाहिलं.

कॅसिनो खातो कुठे, हेही आजोबांनी विचारलंच. पास लाइनवर, म्हणजे आपल्या त्या साध्या लाइनवर, १.४१ टक्के. 'डोन्ट पास', म्हणजे फासे टाकणाऱ्याच्या विरुद्ध लावणं, त्यावर १.३६. विरुद्ध बाजू घेणाऱ्याला खरं तर फायदाच झाला असता, पण तिथे कम-आउटला बारा आले तर तो जिंकत नाही, पैसे नुसते परत. एका बाराने सगळा फायदा फिरवला. आजीचेच पौ बारा! आणि मधल्या रंगीत चौकटी, जिथे छडीने फासे ओढणारा कर्मचारी ओरडून ओरडून डाव मागतो, तिथे खरी कापाकापी. 'पुढची फेक सात' या डावावर १६.६७ टक्के. लोक तिथेच हसत हसत चिप्स फेकतात.

चहाच्या सुट्टीत सर इतिहास सांगायचे, आणि तो मला खेळाहून जास्त आवडला. मूळ इंग्लंडचा हॅझर्ड नावाचा फाशांचा खेळ. त्यात टाकणारा आधी पाच ते नऊमधला एक आकडा निवडायचा आणि नियम इतके गुंतागुंतीचे की दारूच्या दुकानात बसून तो कसा खेळत असतील देव जाणे. अमेरिकेत तो सुटसुटीत झाला, निवडायचा आकडा कायमचा सात ठरला. न्यू ऑर्लिन्सला त्याचा नाद लावणारा म्हणून बर्नार्ड द मारिन्यी या जमीनदाराचं नाव घेतात. वडिलांची अफाट इस्टेट लहान वयात हातात आलेली. जमिनीचे तुकडे पाडून विकले, तिथे वस्ती उभी राहिली, ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याने एका रस्त्याला चक्क क्रॅप्सचं नाव दिलं होतं. पुढे ते बदलून बर्गंडी स्ट्रीट झालं. नाव कुठून आलं याच्या दोन कथा आहेत: हॅझर्डमध्ये दोन एक्के पडले की त्याला क्रॅब, म्हणजे खेकडा, म्हणत, फ्रेंच तोंडात त्याचं क्रॅप्स झालं, किंवा फ्रेंचमधल्या बेडकावरून, कारण लोक रस्त्यावर उकिडवे बसून खेळायचे. मला खेकडा पटतो. बेडूक नंतर कोणीतरी रचलेला वाटतो.

मिसिसिपीच्या बोटींवरून आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांमधून खेळ देशभर गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन विन नावाच्या फासे बनवणाऱ्याने खेळाडूला टाकणाऱ्याच्या विरुद्धही लावायची मुभा दिली. तोवर खोटे फासे आणून बँकेला, म्हणजे डाव चालवणाऱ्याला, लुटणं सोपं होतं; दोन्हीकडे पैसे लागायला लागल्यावर त्यातला दम गेला. दुसऱ्या महायुद्धात सैनिक घोंगडीवर खेळायचे. नेवाडात जुगार १९३१ लाच कायदेशीर झाला होता. हे सैनिक घरी परतले आणि लास वेगासच्या टेबलांभोवती उभे राहिले.

खरे फासे पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा लुडोचे फासे खेळणी वाटले. १९ मिलिमीटरचे, लाल, आरपार दिसणारे, म्हणजे आत शिसं भरलं तर दिसेल. कडा इतक्या धारदार की तळव्याला टोचतात. ठिपके खोदून तितक्याच वजनाच्या रंगाने भरलेले, बोट फिरवलं तर लागत नाहीत. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात. मोहेंजोदडोच्या फाशांत मात्र एकासमोर दोन, तीनासमोर चार आणि पाचासमोर सहा, असं सर म्हणाले. खेळाडूपुढे पाच फासे सरकवायचे, तो दोन उचलतो. एकाच हाताने टाकायचे आणि पलीकडच्या भिंतीला लागलेच पाहिजेत. ती भिंत रबराची, पिरॅमिडसारख्या टोकांची. कोणाचीही 'हातचलाखी' तिथे मोडते.

टेबलावर माणसं चार. मधे बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा बॉक्समन, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डीलर, समोर वेताची छडी घेतलेला स्टिकमन. छडी मला आवडायची. फासे तिनेच ओढायचे, तिनेच सरकवायचे आणि आकडा मोठ्याने पुकारायचा. अकराला इंग्रजीत 'यो' म्हणायचं, कारण इलेव्हन आणि सेव्हन गोंगाटात सारखेच ऐकू येतात. दोन एक्के म्हणजे सापाचे डोळे, बारा म्हणजे मालगाडीचे डबे. माझा आवाज आधी निघेचना. "गणपतीच्या मिरवणुकीत ओरडता ना?" सर म्हणाले. मग निघाला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र हातांना लागला. वीस चिप्सची थप्पी उचलायची आणि न बघता, फक्त तर्जनीने जाणवून, पाच-पाचच्या चार थप्प्या खाली पाडायच्या. चिप्स घरी न्यायची परवानगी नव्हती. मी आजोबांच्या कॅरमच्या सोंगट्या घेतल्या. राणी धरून एकोणीसच. विसावी शेजारच्या काकूंच्या सेटमधून मागून आणली. रात्री अकराला खट-खट-खट सुरू झालं की बाबा कूस बदलायचे. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री माझी थप्पी चुकली, सहा पडल्या, आणि अंधारातून बाबांचा आवाज आला, "सहा." ते मोजत होते.

दुसऱ्या टेस्टला सरांनी परत नऊच आणलं. लाइनवर १०, मागे ७४. दहाचे दहा, चौऱ्याहत्तर दिडके एकशे अकरा. आधी हरलेल्यांच्या चिप्स उचलल्या, मग जिंकलेल्याला दिल्या, तळवे उघडून दाखवले. कागदावर फुली पडली नाही, इतकंच.

पुढची कागदपत्रं हा वेगळा वैताग आहे, थोडक्यात सांगते. सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, मेडिकल, आग विझवणं आणि जीवरक्षणाचे कोर्स. पोहता येत नसताना लाइफजॅकेट घालून तलावात उडी मारली. बीकेसीत अमेरिकेच्या व्हिसाची रांग. एका एजंटने 'जागा पक्की करायचे' म्हणून दीड लाख मागितले. परवाना असलेल्या एजंटला नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला मनाईच आहे, हे मला तोवर माहीत झालं होतं. परवाना दाखवा म्हटल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. दुसरीकडून काम झालं, पण चार महिने गेले.

निघायच्या आदल्या रात्री काकूंची सोंगटी परत देऊन आले. बॅग भरून झाली होती. बाबांनी कॅरमचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाले, "दाखव." मी सोंगट्या उचलल्या, त्यांच्याकडे बघतच खाली पाडल्या. पाच, पाच, पाच, चार. बाबांनी शेवटच्या थप्पीवर बोट ठेवलं.

"एक काकूंची होती," मी म्हटलं.